बुधवारच्या मंडळातली काकू

प्रिय बबड्या,

या नावाने हाक मारता येतेय तोवर मारून घेते. पुढे तुझं नाव काय ठेवतील आणि ते मला धड उच्चारता तरी येईल का, कोण जाणे. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. भिक्षू व्हायचं आहे, त्याला आईवडिलांची परवानगी लागते, तुझ्या उत्तराची वाट पाहतो, असं चार ओळींत उरकलंस आणि खाली 'तब्येतीला जप' म्हणून मोकळा झालास. असं पत्र पाठवून वर तब्येतीला जप म्हणायला जीभ कशी रेटली रे तुझी? बाबांनी वाटाणे सोलता सोलता हो म्हणून टाकलं. मुलगा मोठा झालाय, म्हणे. मोठा झालाय ते मलाही दिसतं. नोकरी सोडलीस तेव्हा विचारलं नाहीस. सामान उचलून त्या विहारात राहायला गेलास तेव्हा नुसतं कळवलंस. मग आता सगळं ठरवून झाल्यावर माझ्या परवानगीचं लोणचं घालायचंय का?

राग कुणावर तरी काढायला हवा होता. तू लांब आणि बाबांवर काढून काही उपयोग नसतो, त्यांना तो कळतच नाही. म्हणून मी तुझ्या विद्यापीठात गेले. तुझ्या डोक्यात हे ज्यांनी भरवलं ते बौद्ध विद्यार्थी मंडळ दर बुधवारी संध्याकाळी भरतं, एवढं मला ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर वह्यांची पिशवी तशीच खांद्याला लावून मी विद्यार्थी भवनाचा जिना चढले. मनात सगळं भाषण तयार होतं. वाटलं होतं, कुणीतरी गोड बोलणारा, वयस्क, डोळे मिटून हसणारा माणूस असेल आणि मी त्याची चांगली खरडपट्टी काढीन. तर आत काय, अंगात ढगळ स्वेटर घातलेली सात-आठ पोरं! माझ्या आठवीच्या वर्गापेक्षा थोडी उंच, इतकंच. तुमचा प्रमुख कोण, असं मी विचारलं तर सगळी एकमेकांकडे बघायला लागली. एका मुलीने मला बसायला उशी दिली आणि मी तोंड उघडायच्या आत एका लंबूने घंटा वाजवली. झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. आता मिटलेल्या डोळ्यांशी कोण भांडणार? मीही बसले. गुडघे बोंबलत होते, पलीकडच्या खोलीत वाद्यवृंदवाल्यांचं ड्रम बडवणं चालू होतं आणि त्या आवाजातही ही मंडळी ढिम्म. नंतर मी म्हटलं, अरे खोली बदलून का मागत नाही? तर लंबू म्हणतो, काकू, आवाज साधनेला चांगला असतो. मी कपाळाला हात लावला.

एकदा जाऊन भागलं नाही, कारण भांडण राहूनच गेलं होतं. मग पुढच्या बुधवारी गेले, मग त्याच्या पुढच्या. तुझ्या या मित्रमंडळींनी मला किती छळलंय याची तुला कल्पना नाही. चहाबरोबर बिस्किटं असतात आणि बशीतलं शेवटचं बिस्किट कुणीही घेत नाही. तू घे, नको तू घे, मला मोह नाही. चहा निवतो, बिस्किट मऊ पडतं. शेवटी मीच उचलून खाते, म्हटलं मला आहे मोह, काय म्हणणं आहे? नोकरी लागल्यावरही तूच सांभाळत होतास ते अध्यक्षपद तू गेल्यापासून रिकामं होतं, तर निवडणुकीतही तोच बिस्किटाचा प्रकार. प्रत्येकाला दुसरा जास्त लायक वाटत होता. अख्खी संध्याकाळ गेली, अहंकार नको, आग्रह नको. मी उठले, फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली आणि हात वर करायला लावले. उशी देणारी मुलगी अध्यक्ष झाली. मी तिला अध्यक्षबाई म्हणते. ती रडवेली होऊन मला थँक्यू म्हणाली.

मैत्रीभावना म्हणून एक करायला लावतात, ते तुला माहीतच आहे. आधी स्वतःला सुखी राहो म्हणायचं, मग आवडत्या माणसाला, मग ना आवडत्या ना नावडत्याला, आणि मग जो डोक्यात जातो त्याला. मी आवडत्या माणसाला डोळ्यांपुढे आणलं तर तू. शहाण्यासारखी पुढे गेले, डोक्यात जाणाऱ्यापाशी पोचले, तर तिथेही तूच उभा! मी डोळे उघडून अध्यक्षबाईला खुणेनं विचारलं की एकच माणूस दोनदा चालतो का. तिने गंभीरपणे मान डोलावली. तुझी आठवण इथे सगळे काढतात, पण कौतुकाने नाही हं. तू भांडी न विसळता ठेवायचास आणि घंटेनंतर सगळ्यांत जास्त वेळ बसून राहायचास, म्हणून बाकीच्यांना ताटकळावं लागायचं. ऐकून मला फार बरं वाटलं.

मध्यंतरी अध्यक्षबाईचे आजोबा गेले. तिला गावी वेळेवर पोचता आलं नाही. त्या बुधवारी ती आली आणि दारातच थांबली. मी लगेच सुरू होणार होते, की बाळा, वय झालं होतं, त्रास वाचला, वगैरे. तेवढ्यात बघते तर लंबूने तिची उशी आणून आपल्या उशीला लावून ठेवली आणि एकेक करत सगळे तिच्याजवळ सरकून बसले. कुणी काही बोललं नाही. ती हुंदके देत होती आणि हे नुसते बसून होते. आपल्या घरात असं कधी होत नाही. आपण तिघंही दुसऱ्याचं दुःख दिसलं की उपाय सुचवायला धावतो. तू बारावीनंतर महिनाभर गप्प होतास तेव्हा आपल्याकडे सल्ल्यांची नुसती रेलचेल होती. तुला या खोलीत काय मिळालं असेल ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला तुझा आणखीच राग आला. घरी सांगायचंस की, बोलू नका, नुसते बसा. बसलो असतो आम्ही. वाईट बसलो असतो, पण बसलो असतो.

आता भोजनाचा पराक्रम ऐक. मंडळाने एका भंतेंना व्याख्यानाला बोलावलं. संध्याकाळी सात वाजता, नंतर भोजन, असे कागद जिन्याभर चिकटवले. पोरांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दुपारभर खपून भात, दोन भाज्या, सूप, फळांची कापं असा थाट केला. मीसुद्धा भाज्या चिरायला होते. भंते आले, बोलले, लंबूने वाफाळतं ताट वाकून त्यांच्यापुढे धरलं आणि तेव्हा एकाला आठवलं, की भिक्षू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. अरे, बौद्ध मंडळ ना तुमचं? वर्षानुवर्षं डोळे मिटून बसता आणि हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? लंबूचं तोंड इतकं उतरलं की मला त्याला रागावता येईना. भंतेंनी मात्र ताट परत त्याच्याच हातात दिलं, गरम आहे तोवर जेवून घ्या म्हणाले आणि स्वतः कोमट पाणी घेऊन आमच्यात बसले.

मी ताट घेऊन सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले. मंडळ सोडून थेट वरच्या खात्याशीच गाठ पडली होती. विचारलं, मुलाने ठरवलंच असेल तर आईच्या परवानगीचं हे नाटक कशाला? ते म्हणाले, नाटक नाही, तुम्ही नाही म्हणालात तर दीक्षा होणार नाही. मला खरंच वाटेना. म्हटलं, तो चांगला मोठा बाप्या आहे. ते म्हणाले, असू दे. मग त्यांनी सांगितलं, की बुद्धाने स्वतःच्या मुलालाही कुणाला न विचारता दीक्षा दिली, तेव्हा मुलाचे आजोबा आले. आधी त्यांचा मुलगा, म्हणजे बुद्धच, घर सोडून गेला होता, आता नातूही. ते म्हणाले, हे दुःख कातडीतून शिरून हाडापर्यंत जातं, दुसऱ्या कुठल्या घरावर ही वेळ आणू नका. बुद्ध त्यांना काही शिकवायला गेले नाहीत. त्यांनी नियम केला. एवढं सांगून भंते पाणी प्यायले. मी ताटं धुते म्हणून उठले आणि नळ सोडून पोटभर रडले. तो नियम तुम्हा भिक्षू होणाऱ्यांसाठी केलेला नाहीये, बबड्या. घरी राहणाऱ्यांसाठी केलाय. माझ्यासाठी.

त्यानंतर मी हे 'नाही' जवळ बाळगून फिरले. वर्गात, बसमध्ये, घरात. एक शब्द लिहिला की तू परत येशील, आणि तक्रारही करणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. मोह झाला नाही असं सांगणार नाही. पण इतक्या दिवसांत तू तगाद्याचा एक फोन केला नाहीस. तिकडे अंगण झाडतोयस आणि माझी वाट पाहतोयस. मला वगळून तुला जाता येत होतं असं मला वाटत होतं, ते चूक होतं.

बाबा मघाशी डोकावून गेले. हो की नाही एवढंच कळवायचंय ना, मग इतकं काय लिहितेस, म्हणाले. त्यांना काय सांगू? एवढं लिहिल्याशिवाय मला त्या शब्दापर्यंत पोचता येत नव्हतं. हो, बाळा. हो. आनंदाने म्हणतेय असं तिथे कुणाला सांगू नकोस, खोटं ठरेल. दीक्षेच्या दिवशी मी येणार, पुढच्या रांगेत बसणार आणि रडणार. त्या वेळी कुणी मला सोडून द्यायला शिका वगैरे सांगायला आलं तर त्याची धडगत नाही. नाही म्हणायचं माझ्या हातात होतं, म्हणून हो म्हणतेय. जा.

तुझीच, आणि हे मात्र मला कुणी सोडायला सांगू नये,
आई