तीन सेकंदांचा सूर

३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण दुकानातल्या यंत्रांच्या घरघरीने तुझे कान गेल्यापासून मी तब्येत विचारते आणि तू किती वाजले ते सांगतोस. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. आईची इलेक्ट्रिक गिटार मी कपाटावरून खाली काढली त्याला वर्ष झालं. २८ तारखेला संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा आहे. त्यात एक संथ तुकडा आहे आणि त्यातला एक सूर लांब धरायचा आहे, तिसऱ्या तारेवर, मानेवरच्या बाराव्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला. नेमका तोच टिकत नाही! बाकीचे सूर दहा-दहा सेकंद घुमतात, हा तीन सेकंदांत मटकन बसतो. मी घड्याळ लावून मोजलंय. शेजारच्या तारेवर तोच सूर मिळतो, पण तिथून पुढच्या जागेवर वेळेत हात पोचत नाही.

आई म्हणते, दोष गिटारीत नाही, बोटांत आहे. तिच्याही परीक्षेत हाच सूर मेला होता आणि तूच तिला सांगितलं होतंस म्हणे, की गिटार ठणठणीत आहे, तुझी बोटंच मऊ. आता ती रोज माझी बोटं हातात घेऊन बघते आणि सुस्कारा सोडते. जणू बाजारातून शिळ्या शेंगा आणल्यात.

तू उभा जन्म वाद्यं दुरुस्त केलीस. खरं काय ते सांग. बोटांचाच दोष असेल तर तसंही सांग, मी काही रडणार नाही. नाव काढून घ्यायची मुदत २१ पर्यंत आहे. सगळ्यांसमोर पोपट होण्यापेक्षा आधीच काढलेलं बरं.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर असू दे.

तुझी,
ठमी

८ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पाय, पण मुद्दा कळला.

बोटांना नावं ठेवण्याआधी तारा बघ. शेवटच्या कधी बदलल्यास? तुझ्या आळसाचा अंदाज आहे मला. गंजकी तार गात नाही, नुसती कुरकुरते. नवीन संच घाल आणि दोन दिवस ताणू दे.

मग तारांखालचे पिकअप बघ. ते म्हणजे लोहचुंबकच. फार वर आले असतील तर तारेला ओढून धरतात आणि तिला मोकळं थरथरू देत नाहीत. बाजूचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून ते खाली घे, आणि दर वेळी घड्याळ लाव. तार कुठे फ्रेटवर घासून झणझणत नाही ना, तेही कान देऊन ऐक. तुला कान आहेत अजून, वापर.

तुझ्या आईला म्हणावं... जाऊ दे, तिला काही सांगू नकोस. जुन्या गोष्टी कशाला उगाळायच्या.

तब्येत जप आणि मामाला विसरू नकोस.

तुझा,
मामा

१३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तारा बदलल्या. पिकअप इतके खाली घेतले की आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायला लागला, मग थोडे वर घेतले. झणझण कुठेच नाही. एवढं सगळं करून कमाई किती? अर्धा सेकंद! तिनाचे साडेतीन.

पण एक गोष्ट सापडली. मान जिथे धडाला जोडलीय, तिथे मागे चार स्क्रू आहेत. तीन घट्ट आहेत. चौथा नुसता गरगर फिरतो, पकडतच नाही. आणि जोडाच्या फटीतून काहीतरी करडं डोकावतंय, पुठ्ठ्यासारखं. उघडून बघू का? आईला विचारलं तर ती म्हणाली, ती मान तुझ्याशिवाय कुणीच कधी उघडलेली नाही, तेव्हा तिथे काही गडबड असणं शक्यच नाही. तुझ्यावर तिचा देवासारखा विश्वास आहे, माझ्यावर काडीचा नाही.

आई काल पुन्हा म्हणाली, की आपल्या घराण्यालाच ही देणगी नाही, उगाच जीव काढू नकोस. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. तुला लिहिलं होतं ना, मी रडणार नाही. ते तितकंसं खरं नव्हतं.

उत्तराची वाट बघतेय, मुदतीला आठच दिवस उरलेत.

तुझी,
ठमी

१७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मान उघडू नकोस. ऐन परीक्षेच्या तोंडावर कुणी मान उघडतं का? नवख्या हातांनी ती वाकडी बसली तर होता तो सूरही जाईल. चौथा स्क्रू फिरतो तर फिरू दे, तीन स्क्रूंवर काम चालतं.

वाजवताना गिटारीचं डोकं लाकडी कपाटाला टेकवून बघ. कधीकधी लाकूडच एखादा सूर गिळतं, आणि वजन मिळालं की सोडून देतं. इथे कामाची गर्दी आहे. एप्रिलमध्ये मी स्वतः येतो आणि बघतो. तोवर कसंबसं निभावून ने.

सगळं ठीक होईल, काळजी नसावी.

तुझा,
मामा

२२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

कपाटाला टेकवून पाच सेकंद आले. पण परीक्षेला कपाट कसं नेऊ?

काल नाव काढून घेतलं. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामा उघडू नकोस म्हणतो, याचा अर्थ गिटारीत काही नाही. असतं तर त्याने सांगितलंच असतं, तो आपल्यापासून काही लपवणाऱ्यातला नाही. मलाही ते पटलं.

तू एवढी खटपट केलीस, त्याबद्दल खरंच बरं वाटलं. आता काही घाई नाही. एप्रिलमध्ये सावकाश ये.

तुझी,
ठमी

२५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

हे पत्र आधी एकटीने वाच.

गिटारीत दोष आहे. तो मीच ठेवलेला आहे, आणि मला तो पोरीच्या पहिल्या पत्रातच कळला होता.

बावीस वर्षांपूर्वी तुझी गिटार माझ्या दुकानात आठवडाभर पडून होती. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं मागून, ही माझी जन्माची खोड. तुझ्या परीक्षेच्या सकाळी मी ती हातात घेतली. चौथ्या स्क्रूचं भोक मोठं झालं होतं. त्यात लाकडी खुंटी सरसाने बसवायची आणि दिवसभर सुकू द्यायची, एवढंच काम होतं. पण दिवस कुठे होता? काड्यापेटीतल्या दोन काड्या भोकात कोंबल्या, मान थोडी उचलायला खाली बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा सारला, आणि तुला दिली. सैल जोड आणि मऊ पुठ्ठा. तारेची थरथर तिथेच जिरते. परीक्षा झाली की नीट करू, असं मनाशी म्हटलं.

तू दुकानात रडत आलीस तेव्हा समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझी लाज जाऊ नये म्हणून मी बोलून गेलो की गिटार ठणठणीत आहे, बोटंच मऊ. वाटलं, उद्या सांगू. तो उद्या आलाच नाही. तू गिटार कपाटावर टाकलीस, आणि मग सांगण्यात काय अर्थ, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

आणि आता पोरीला तारा, पिकअप, कपाट! सगळं वेळ काढायला. एप्रिलमध्ये येऊन गुपचूप नीट करीन, कुणाला पत्ता लागणार नाही, असा माझा डाव होता. एक ओळ लिहिली असती तर ती परीक्षेला बसली असती. धाकटे, मी एक नाही, दोन पोरी बसवल्या घरी.

चौथ्या भोकात सागाची खुंटी सरसाने बसवून एक दिवस सुकू दे. नवं बारीक भोक पाड. पुठ्ठा फेकून दे, त्या जागी तेवढ्याच मापाची लाकडाची पातळ चकती घाल, आणि चारही स्क्रू सारखे आवळ. कुणीही चांगला सुतार करील.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझा,
दादा

४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मान मीच उघडली. पुठ्ठा निघाला. त्यावर बुटाचा नंबर अजून वाचता येतो. गल्लीतल्या सुताराकडून तू लिहिलंस तसं सगळं करून घेतलं. तिसरी तार, बारावा फ्रेट, अकरा सेकंद. मी एकटीच बसून मोजत होते.

दोन दिवस तुला शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. भांडी आपटली, तुझं पत्र फाडायला घेतलं. तिसऱ्या दिवशी मात्र मला दुसरंच सुचलं. तू मला ते एकदाच म्हणालास, तेही गिऱ्हाइकांसमोर, घाबरून. मी पोरीला तेच तीन आठवडे रोज म्हणत होते. तिची बोटं हातात धरून! एकदाही गिटार स्वतः मांडीवर घेऊन तो सूर वाजवून बघितला नाही. तुझ्यावर रागवायला मला तरी तोंड कुठे आहे?

तिला सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचायला दिलं. तिने ते नीट घडी करून परत दिलं. गिटार दुरुस्त झाली, वाजवून बघ, म्हटलं, तर नंतर बघते म्हणाली. पुढच्या वर्षी परीक्षा आहेच, म्हटलं, तर हो म्हणाली. मी माफी मागितली. त्यावर ती हसून म्हणाली, असू दे गं, तेवढं काय त्यात.

दादा, बावीस वर्षांपूर्वी दुकानात मीही डोळे पुसून तुला असू दे म्हणाले होते. नंतर मी तारेला कधी हात लावला नाही, आणि तू मला कधी विचारलं नाहीस. तिचंही मी तसं होऊ देणार नाही, पण माझ्या एकटीने ते होत नाहीये. माझं ती ऐकून घेते आणि कामाला लागते.

लोभ आहे, तो काही तुटत नाही. आता पत्र नको. मिळेल त्या गाडीने ये आणि तिच्यासमोर बसून तुझ्या तोंडाने सांग.

तुझी,
धाकटी