जिन्यातला उधळ्या

नास, आयर्लंड, रविवार संध्याकाळ

आज ईशा हातोडी घेऊनच आली. जिन्यातली आठ जुनी इंग्रजी छापचित्रं बाबांनी उलट्या क्रमाने लावलीत म्हणे. लेकीचं बरोबर आहे. त्या चित्रांच्या गोष्टीत बापाची इस्टेट उधळणारा तरुण शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो, लोकांनी धडा घ्यावा म्हणून. आमच्याकडे तो खालच्या पायरीशी वेडा, वर बेडरूमपाशी ताजातवाना!

चूक मीही तेव्हाच दाखवली होती. विवेक म्हणाला, "अगं, दिवसभर वॉर्डात माणसं खंगताना बघतो. घरी जिना चढताना एक तरी बरा होऊ दे."

ईशाला सांगितलं. हसली. "देन युअर मॅन इज ग्रँड, आई. लीव्ह हिम." इकडच्या बोलीत म्हणजे, तो गडी ठीक आहे, राहू दे तसाच.

विवेकला जाऊन सात महिने झाले. आत्ता वर येताना उधळ्या पुन्हा बरा झाला. उतरताना भिंतीकडे बघायचं नाही, एवढंच.