चाकूच्या यादीतलं दहावं नाव

मी, धोंडाबाई गेणू येवले, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा गुलाबाला डोळे भरणे म्हणजे कलमं करणे, राहणार मौजे औंढे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. यजमानांचं नाव कायद्यापुरतं घेतलं आहे, एरवी घेत नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी गोड बोलून बसवलेलं नाही. फक्त एका चाकूपायी मनाचा गोंधळ झाला आहे आणि तो रविवारच्या आत मिटायला हवा. वडगावच्या वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात गोंधळ लिहायचा नसतो. पण तो वगळला तर माझ्याजवळ लिहायला अर्धं पानच उरतं.

एक. राहतं घर आणि परसातली आंब्याची दोन झाडं मुलगा संदेश याला. तो लोणावळ्यात पाहुण्यांचे बंगले सांभाळतो. लोकांच्या दाराला तीन-तीन कुलपं लावतो आणि आपलं दार सताड उघडं टाकून जातो. त्याने आधी कडी दुरुस्त करावी.

दोन. बँकेत जे असेल ते नात कोमल हिच्या शिक्षणाला. गळ्यातली बोरमाळही तिलाच. मोडून मोबाइल घेतलास तर मी बघत असेन.

तीन. आता चाकू. वडगावात शेतीच्या सामानाचं दुकान चालवणारा इर्शाद याने आम्हा नर्सरीवाल्यांचा मोबाइलवर ग्रुप केला आहे. तिथे त्याने एका परदेशी चाकूचा फोटो टाकला. घडीचा चाकू, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मागे साल उचलायला पितळेची जीभ, आणि मुठीवर आपलं नाव कोरून मिळणार. दहा जणांनी मिळून रविवारपर्यंत मागवला तरच कंपनी पाठवते. नऊ नावं झाली आहेत, त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले आहेत. इर्शाद रोज फोन करतो. "मावशी, तुमचं एक नाव आलं की झालं. चाळीस वर्षं डोळे भरताय, तुम्हीच नको म्हणालात तर कसं?" किंमत मी इथे लिहीत नाही. वाचून संदेशला चक्कर येईल.

संदेश म्हणाला, "आये, ह्या वयात चाकू घिऊन कुटं जायचंय तुला? हाय की जुना." जुना आहे, हे खरं. यजमानांनी करवतीच्या पात्यापासून लोहाराकडून घडवून घेतलेला. तो अजून केस कापतो. म्हणून ठरवलं, नवा चाकू घ्यायचा नाही.

चार. वरचं ठरवलेलं रद्द. काल रात्री फोटो पुन्हा पाहिला. जन्मभर मी दुसऱ्याच्या बागेत दुसऱ्याच्या गुलाबाला डोळे भरले, कुठल्याही झाडावर माझं नाव नाही. एका मुठीवर असावं असं वाटलं, यात काय चुकलं? चाकू घ्यायचा आणि माझ्यामागे तो...

इथे हात थांबला. माझ्यामागे तो कुणाला?

पाच. खरं लिहिते. माझ्या उजव्या अंगठ्याची शुद्ध गेली आहे. डॉक्टर म्हणाले मनगटातली शीर दबली, आता पहिल्यासारखं होणार नाही. दिवाळीपासून मी नर्सरीच्या मालकाला सांगते आहे की थंडीमुळे काम हळू होतं. म्हणजे नवा चाकू आला तरी मी तो चालवणार नाही, नुसती उघडझाप करत बसेन. मग कशाला? वकीलबाईंना विचारलं, न आलेला चाकू मृत्युपत्रात घालता येतो का? त्या म्हणाल्या, "आजी, जे आज तुमचं नाही ते लिहू नका." म्हणजे मागवला तरी हातात येईपर्यंत लिहिता येत नाही, आणि लिहायचं नसेल तर घेऊन काय करू? मी फार घोळात पडले.

सहा. चाकू चालवणारा हात मला एकच माहीत आहे, आणि तो भिंतीपलीकडे राहतो. माझी धाकटी जाऊ रतनबाई. अकरा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.

आमचं काम जोडीचं असतं. एकीने रानगुलाबाची साल चिरून आत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा, दुसरीने तो सुकायच्या आत पट्टी बांधायची. मी डोळा भरायचे, रतन पट्टी बांधायची. एकोणीस वर्षं अशी गेली. मग एका संध्याकाळी तिला सराव करायचा होता म्हणून माझा चाकू दिला. धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची, नाहीतर तेढ पडते. मी घाईत होते, हातातच दिला. तिने घरी जाऊन त्याने लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या. पातं काळं पडलं, धार गेली. दुसऱ्या दिवशी मी ते घासून भरायला घेतलं, आणि त्या दिवशीचे चारशे डोळे मेले. मालक ओरडला. मी सगळ्या बायांसमोर रतनला म्हणाले, "तुजा हात चुलीपाशीच बरा."  दुसऱ्या दिवसापासून तिने दुसरी जोडीदारीण धरली आणि स्वतः डोळे भरू लागली.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. ज्यांवरून डोळे काढतात त्या गुलाबाच्या काड्या आदल्या दुपारी मीच आणल्या होत्या. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या राहिल्या आणि उन्हात सुकल्या. डोळे त्याने मेले. चाकूला धार मी लावली होती, ती चांगली बसली होती. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. रतनचा दोष कैऱ्यांपुरता, बाकीचा सगळा माझा. मालकाला भ्याले आणि तिला पुढे केलं. याची मला लाज वाटते.

सात. तेव्हा शेवटचं ठरवते. यादीत दहावं नाव घालावं, पण मुठीवर रतनबाई असं कोरावं. तो चाकू माझ्या मिळकतीत धरू नये, कारण तो मी जिवंतपणीच देणार आहे. मेल्यावर दिला तर तिने दोन शब्द ऐकवायचे कुणाला?

वकीलबाईंनी सांगितलं, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये. रतनला यातून काही मिळत नाही. म्हणून दुसरी साक्षीदार तीच असावी अशी माझी इच्छा आहे. हे कागद मी आज तिच्या ओट्यावर ठेवते आहे, हातात देत नाही. उचलायचे की नाही, ते तिने बघावं. ती आली तर तिच्यासमोर आणि इर्शादसमोर मी सही करीन. नाही आली तर इर्शादने नऊ जणांची माझ्या वतीने माफी मागावी. मला चाकू नको.

ठिकाण: औंढे
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार
लिहून देणार: धोंडाबाई गेणू येवले (सही वाकडी आली आहे, अंगठ्यामुळे. माझीच आहे.)

साक्षीदार पहिला: इर्शाद वाहिद शेख, वडगाव मावळ

साक्षीदार दुसरी: रतनबाई अमृत येवले, औंढे. समदं वाचलं, मग सही केली. आक्का, काड्या सुकल्याल्या मला तवाच दिसल्या व्हत्या. तुमी कवा सांगताय त्याची वाट बगत व्हते. चाकू आला की खाली ठेवा, मी उचलते. अंगठा बधिर असंल तरी पट्टी बांधता येती. आता पट्टी तुमी बांधायची.