सुट्टीतला गिलावा

बलद, जेद्दा

अम्मी, सहरचा सलाम.

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. अब्बांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

चीनहून आलेली मंडळी स्वतःच्या खर्चाने इथल्या जुन्या घरांना चुन्याचा गिलावा का करतात, असं तू फोनवर विचारलंस. मलाही सुरुवातीला कळत नव्हतं. त्यांच्यातली लिन एरवी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. ती भिंत आधी भिजवत नव्हती, म्हणून मी तिला गिलावा तीनदा खरवडायला लावला. चौथ्यांदा तो धरला.

"सुट्टी घालवून तुला काय मिळालं?" मी विचारलं.

"आईला दाखवता येईल असं माझं हे पहिलंच काम," ती म्हणाली आणि परांचीवरूनच तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. घरी तिने समुद्रावर फिरायला जाते असं सांगितलं होतं. आई ओरडली, "हाच का तुझा समुद्र?" मग बराच वेळ भिंत बघून म्हणाली, "त्या कोपऱ्यात जाड झालंय, नीट कर." आईचं चिनी बोलणं लिन हसत हसत मला समजावून सांगत होती.

अम्मी, इंजिनिअरचं काम ऑफिसात बसून होतं, असं मी तुला सांगितलंय. ते खरं नाही. मोजमापं घ्यायला मी रोज तिसऱ्या मजल्यापर्यंत परांचीवर चढते. पट्टा बांधते, परांची स्वतः तपासते. मला हे काम चांगलं येतं.

रविवारी तुमच्या साडेबाराला मी वरूनच कॉल करीन. ओरडायचं तर ओरड, पण आधी भिंत बघ.

तुझी,
सहर