दारात उभं बिऱ्हाड

गुदैबिया, बहरीन
२० जानेवारी १९९७

प्रिय दीप्ती,

पाकिटावर तुझ्या मेलबर्नच्या घराचा पत्ता घातला नाही, आपल्या जुन्या शेजारणीचा, नसीबाचा, पर्थचा पत्ता घातलाय. का ते तुला ठाऊक आहे, आणि आठ दिवसांपासून मलाही ठाऊक आहे. पण तिथवर यायच्या आधी मला पोटातलं ओकू दे, नाहीतर पित्तासारखं ते वर येतच राहील. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू म्हणतेस, सगळं ठीक आहे गं आई, आणि मी बावळट लगेच पुढे विचारते, जेवलीस काय.

इथे रोजे चालू आहेत, त्यामुळे माझ्या खानावळीच्या नि डब्यांच्या वेळा उलट्यापालट्या झाल्यात. रत्नागिरीकडची मुलं रोजा सोडून मग जेवायला येतात, आपली नेहमीच्या वेळी, म्हणजे चूल दिवसभर विझत नाही. तुझे बाबा कांदे चिरून देतात आणि मी चिडते, कारण ते कांदा चिरत नाहीत, फाडतात. बाकी पाऊण महिना ऑस्ट्रेलिया बघून आल्यापासून जो तो मला विचारतो, काय पाहिलंत. मी म्हणते, कांगारू पाहिले आणि नातेवाईक पाहिले. कांगारू बरे. ते निदान आपल्याला पाहून उघडपणे पळून जातात.

तुझ्या मामेभावाचंच घे. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. नोकरीला पहिल्यांदा बहरीनला आला तेव्हा आठ महिने आपल्या या दीड खोलीत राहिला. तू ओट्याखाली पाय घालून झोपायचीस, का, तर दादाला कॉट हवी. अ‍ॅडलेडला त्याच्या दारात आपण उतरलो तर पाच खोल्यांचं घर, त्यातली एक नुसती इस्त्रीच्या कपड्यांची. माणसं बाहेर, शर्ट आत हँगरला. आणि त्याची ती बायको. मोटारीच्या मागे जोडलेली तुझी ती चाकांवरची खोली दिसल्याबरोबर तिचा चेहरा पुनवेसारखा फुलला. म्हणाली, अय्या, म्हणजे तुमचं सगळं तुमच्या बरोबरच आहे, किती सोयीचं. मग विचारते, तुम्ही आत झोपणार का तुमच्या गाडीतच? हा प्रश्न झाला काय? पाहुण्याला पाणी देताना कोणी विचारतं काय, तुम्हाला तहान आहे की घरून पिऊन आलात?

मी म्हटलं, नको गो, आम्ही गाडीतच बरे. आता आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही म्हणायचं. तिसऱ्यांदा समोरच्याने पिशवीला हात घातला की मग, बरं बाई, तुमचा एवढा आग्रह म्हणून, असं म्हणत उंबरा ओलांडायचा. हे कोणाला शिकवावं लागत नाही, दुधाबरोबर येतं. त्या बाईने पहिलं नको ऐकलं आणि टीव्ही लावला. तुझ्या भावाने खिडकीतून विजेची वायर काढून दिली, ती देतानाचा रुबाब असा की गाय दान केली. आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला कसलासा भुसा दुधात कालवून पुढ्यात ठेवला आणि म्हणतो, आत्या, शेजारी फार कटकटे आहेत, गाडी किती वाजता हलेल? आठ महिने माझ्या हातची उकडीची पेज जेवलेलं तोंड ते.

आणि तुझी ती सायरा. ईसा टाउनच्या शाळेतून दोघी एकाच बसने घरी यायच्यात. तिची आई ड्यूटीवर, म्हणून तीन वर्षं ती आपल्याकडे जेवून जायची, त्यातही तिला माशाची शेपटीकडची तुकडी नको असायची. तिने आपल्याला घरी बोलावलंच नाही. बागेत भेटू म्हणाली. बागेत. सरकारी बाकावर बसवलंन, बिस्किटांचा पुडा फोडलान, आणि दोन वेळा घड्याळ पाहिलंन. नवऱ्याला पाहुणे झेपत नाहीत म्हणाली. असल्या नवऱ्याला बागेत ठेवावं आणि पाहुण्यांना घरात न्यावं.

मागे एकदा झल्लाकहून येताना बाबांची पिकअप वाळूत रुतली होती, आठवतं? थंडीत तंबू ठोकून राहिलेल्या कोणा अरबाने आपल्याला ओढून आत नेलं. ना ओळख ना भाषा. मफी मफी, नको नको, म्हणत मी मान हलवत होते आणि तो कावा, त्यांची ती कॉफी, ओतत होता. तो म्हातारा आपला कोण लागत होता? आणि ही आपली रक्ताची, ताटातली माणसं.

विमानतळावरूनच तू मला थेट गाडीत बसवलंस, जावईबापू दौऱ्यावर आहेत, घराला कुलूप आहे म्हणालीस. त्या गाडीलाही मी कमी बोलले नाही. पत्र्याचा डबा म्हटलं, विंचवाचं बिऱ्हाड म्हटलं. पर्थच्या वाटेवरच्या त्या माळरानावर तीन दिवस झाड म्हणून दिसलं नाही, तू एकटी स्टिअरिंगवर, मागून ती खोली डुलतेय, समोरून हत्तीएवढे ट्रक. आणि मी शेजारी बसून तुला ऐकवतेय, लोक सुखाने घरात राहतात, तुला ही भिकेची हौस कुठली? रोज सकाळी तू संडासाची ती पेटी उचलून रिकामी करायला न्यायचीस. मी नाक धरून म्हणायची, एवढी शिकलीस ती याच्यासाठी काय. तू हसायचीस. मला वाटलं, मुलगी निबर झाली.

त्याच माळरानावर, दुपारी, तू पेट्रोल भरायला उतरलीस आणि मी चादर शोधायला पलंगाखालची फळी उचलली. खाली तुझ्या लग्नातली समई. तिच्या शेजारी पुरणयंत्र, कॉलेजची सर्टिफिकेटं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, शालू, आणि थंडीचे कपडे, तिकडच्या भर उन्हाळ्यात. मी तुझ्यावर खेकसले, समई कोणी सहलीला नेतं काय? तू म्हणालीस, घराला कुलूप आहे ना आई, तिकडे चोऱ्या फार होतात. आणि मी त्या देशाच्या चोरांना अर्धा तास शिव्या घातल्या. ज्या बाईला तीस जणांच्या डब्यांतलं मीठ वासावरून कळतं, तिला पोटच्या पोरीचं बिऱ्हाड डोळ्यांसमोर उघडं पडलं तरी कळलं नाही.

पर्थला नसीबा भेटली म्हणून तोंडाची चव परत आली. आपल्या खालच्या मजल्यावर होती तेव्हा होती तशीच आहे, आवाजसुद्धा तोच. तिलाही मी सवयीने म्हटलं, नको, आम्ही गाडीतच झोपू. म्हणाली, रत्ना, मुकाट्याने आत ये, नाहीतर मी गादी घेऊन बाहेर येते आणि हा जमालुद्दीन माझ्यामागे उशी घेऊन येतो. तिच्या त्या बिचाऱ्या नवऱ्याने खरंच उशी उचलली होती. पाच दिवस तिने मला पाटावरून उठू दिलं नाही. विमानतळावर तू म्हणालीस, मी उद्या परत निघते मेलबर्नला. नसीबाने मान खाली घातली. मला वाटलं, माझ्या जाण्याने रडू आलं असेल.

मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी मेलबर्नला फोन लावला. जावईबापूंनी उचलला. तेच म्हणायचं ना अजून, की दुसरं काही म्हणायचं? इंग्रजीत म्हणाले, ती जूनपासून इथे राहत नाही, तुम्हाला सांगितलं नाही काय तिने. आवाज असा की चुकीचा नंबर लागलाय. मागे कोणी बाई भांडी लावत होती. लगेच नसीबाला लावला.  एवढंच म्हणाली, दोन दिवस राहते म्हणाली होती, अजून गाडी माझ्या अंगणात आहे. माझ्याकडून वदवून घेऊ नको, रत्ना, पोरीला वचन दिलंय.

तेव्हापासून रोज एकेक गोष्ट आठवून मी माझी मलाच पुसतेय, तव्यावरची पोळी करपेपर्यंत. तू मला देश दाखवायला नेलंच नव्हतंस, दीप्ती. कोणाच्या दारात टेकायला जागा मिळते काय ते बघायला तू निघाली होतीस, आणि एकटीने जायची लाज वाटली म्हणून आईला घेतलंस. आणि आईने काय केलं? भावाच्या दारात तू तोंड उघडणार तेवढ्यात मी मोठ्याने सांगितलं, हिला काय कमी आहे, मेलबर्नला हिचं बागेसकट घर आहे, ही तर हौस. बागेतल्या बाकावर सायरालाही तेच सांगितलं, वर तुझ्या नवऱ्याच्या बढतीचंही सांगितलं. तू दोन्ही वेळा बुटाच्या नाड्या बांधायला वाकलीस. त्या लोकांना मी एवढी नावं ठेवली, पण तुझ्यासाठी दार लावून घेतलं ते मी. त्यांना निदान माहीत नव्हतं. मी तुझ्या पलंगावर झोपत होते.

म्हणून हे पत्र. परवा शुक्रवारी आपल्याकडे हळदीकुंकू केलं, पंचवीस-तीस बायका होत्या. तू कशाला गप्प राहिलीस ते मला कळलंय. या सगळ्या बायकांत माझी मान खाली जाईल म्हणून. तेव्हा तिळगूळ वाटून झाल्यावर मी मध्येच उभी राहून सांगून टाकलं, माझ्या दीप्तीने आपलं घर सोडलंय, आणि ती इथे आमच्याकडे येतेय.  गोदाबाईने लगेच विचारलं, जावयाने टाकली का हो? मी म्हटलं, कोणी कोणाला टाकलं ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. तिने वाण पिशवीत भरलं आणि गेली. बाकीच्या बसल्या, दोघी-तिघी रडल्या, एकीने नोकरीचंसुद्धा सुचवलं. बाबा तुझ्या व्हिसाच्या मागे लागलेत, पासपोर्टची झेरॉक्स जमालुद्दीनकडून फॅक्सने मागवली आहे. कायमची राहा म्हणत नाही. चार दिवस झोप, मग कुठे जायचं ते तूच ठरव. तुला न विचारता सगळ्या गावाला सांगितलं म्हणून तू रागावशील. रागाव. पण इथे येऊन, माझ्या समोर बसून रागाव.

तुझीच, उशिरा डोळे उघडलेली,
आई