मागल्या गेटच्या आठ बायका

आई,

परवा इंदापूरच्या कॉलेजात बोलायला गेले होते. विषय माझा नेहमीचाच, कामगारवर्ग, भांडवल आणि पिळवणूक. तू असतीस तर म्हणाली असतीस, परत तेच दळण. दळणच ते, पण त्यावर माझं पोट चाललंय, आणि त्या दळणात दरवेळी तुझी गोष्ट येते. बारामतीच्या एमआयडीसीतला ओतकामाचा कारखाना, त्याचं कॅन्टीन, संप, आणि मागण्यांच्या यादीतून युनियनच्या सेक्रेटरीनं गाळलेल्या आठ बायका. इथपर्यंत आले की मुलं मोबाइल खाली ठेवतात. परवाही ठेवले. तेवढ्यात माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं, तर तिथं सेक्रेटरी बसलेले. खरेखुरे तेच. नात तिथं शिकते म्हणे, तिच्याबरोबर आले होते. खूप म्हातारे झालेत, कानात यंत्र आहे, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं हे चेहऱ्यावरून कळत होतं. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही. सेक्रेटरीनं नावं गाळली, असं त्यांच्या तोंडावर म्हणून टाकलं. नंतर ते जिन्यापाशी थांबले होते. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या हातची आमटी अजून जिभंवर हाय बघ." आणि काठी टेकत निघून गेले. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

त्या कॅन्टीनचा वास मला अजून येतो. बाबा गेल्यावर आपण दोघी अंथुर्ण्याहून बारामतीला आलो, एमआयडीसीच्या कडेला वस्तीत एक खोली घेतली, आणि तू ठेकेदाराकडे लागलीस. पहिली दोन वर्षं त्यानं तुला भांड्यांवरच बसवलं. का, ते कोणी बोललं नाही आणि सगळ्यांना ठाऊक होतं. चुलीपाशी घेतलं ते एक बाई आजारी पडली म्हणून. तुझी आमटी खाल्ल्यावर कुणाचं काही बिघडलं नाही, उलट वाट्या पुढं यायला लागल्या. कायम कामगार पुढल्या गेटनं आत जायचे आणि तिथल्या फळीला आपला पितळी बिल्ला अडकवायचे. तुम्ही आठ जणी मागल्या गेटनं. तुम्हाला बिल्ला नव्हता. ठेकेदार दारात उभा राहून तुमची नुसती डोकी मोजायचा. एकदा कुणाचा तरी पडलेला बिल्ला तुला सापडला होता, तो तू परत देण्याआधी पदराला पुसून कितीतरी वेळ हातात धरलास. मी ते बघितलं आणि मला तुझा राग आला. पितळेच्या तुकड्याचं एवढं काय, असं वाटलं मला.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं डोकं गरम होतं. रविवारी दुपारी वस्तीतल्या विहारात सेक्रेटरी अभ्यासवर्ग घ्यायचे. स्वतः मोल्डर होते, ओतकामाचे साचे भरायचे, हाताला भाजल्याचे डाग, पण पुस्तक धरायचे ते लेकरू धरावं तसं. कामगार दिवसभर राबतो, त्यातल्या काही तासांत त्याच्या मजुरीएवढं काम होऊन जातं, उरलेले तास मालकाला फुकट जातात, आणि त्या फुकट तासांचं नाव वरकड मूल्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. वस्तीतल्या प्रत्येकाच्या थकव्याला कुणीतरी नाव दिलंय असं वाटलं. पळतच घरी आले. तू भाकरी थापत होतीस. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आणि तू अगदी नीट ऐकलंस.

"पटतंय," तू म्हणालीस. "पर त्यो गडी सकाळी उठून कामावर जातो, ते कशाच्या जोरावर? कुणीतरी त्याला जेवाय घातलंय म्हनून ना? ती भाकरी कुठल्या तासात धरत्यात?"

"ती नाही धरत. ते उत्पादक श्रम नाहीत."

"म्हंजी?"

"म्हणजे त्यातून माल निघत नाही."

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "ह्यो माल न्हाय व्हय? मग आज तुझं पुस्तकच खा."

मी चिडून न जेवताच कोपऱ्यात जाऊन बसले. तू थोड्या वेळानं ताट झाकून ठेवलंस, आणि मी ते नंतर गुपचूप खाल्लं.

त्यानंतर काही महिन्यांनी संपाची तयारी सुरू झाली. ठेकेदारीवरच्या माणसांना कायम करा, ही मुख्य मागणी. त्यासाठी नावांची यादी लागणार होती, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ती माझ्याकडे आली. विहारात सतरंजीवर बसून लिहीत होते. ग्राइंडिंगवाली पोरं, वाळू चाळणारे, हमाल, सगळे लिहून झाले. सेक्रेटरींनी विचारलं, "कॅन्टीनच्या बायका घ्यायच्या का गं? काही लोक नको म्हंत्यात, यादी लांबली तर मालक बिथरंल. तूच बघ, तू वाचलंयस." तूच बघ, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणत होतं. आणि मी म्हणाले, तात्त्विकदृष्ट्या त्या बसत नाहीत. हेच शब्द. सगळ्या पुरुषांसमोर म्हणाले. माझी आई त्यातली आहे म्हणून मी भावनेच्या भरात बोलत नाही, हे मला त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी माना डोलावल्या आणि मला फार बरं वाटलं. गंमत अशी की पुस्तकही तसं म्हणत नव्हतं. ठेकेदार त्या कॅन्टीनवर नफा काढत होता, म्हणजे पुस्तकाच्याच मापानं तू उत्पादक कामगार होतीस. पण ते पुढच्या प्रकरणात होतं आणि मी तिथवर पोचलेच नव्हते.

यादी घेऊन घरी आले तर तू वाटच बघत होतीस. "वाच की," म्हणालीस. तुला अक्षर येत नव्हतं, पण वाचून घ्यायची तुझी एक पद्धत होती. रेशनचा कागद असो की शाळेची चिठ्ठी, मी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवायचं आणि तू ते बोट बघत ऐकायचीस. "म्हंजी मला दिसतंय, कुठवर आलंय ते," असं तू म्हणायचीस. मी बोट ठेवून वाचायला लागले. एकेक नाव पुढं जात होतं. कागद संपला. तू माझ्याकडे बघत होतीस. आणि मी वाचतच राहिले. तुझ्या शेजारी चुलीपाशी बसणारी, भांड्यांवरच्या दोघी, पीठ मळणारी, एकेक करून सात नावं घेतली आणि शेवटी तुझं घेतलं, नवऱ्याच्या नावासकट. तू पदर तोंडाला लावून हसलीस. "माझं नाव कागदावर कसं वाटतंय ऐकाया," म्हणालीस. मला वाटलं होतं, उद्या-परवा सेक्रेटरींना सांगून घालून घेऊ. उद्या-परवा संप सुरू झाला.

तुम्ही आठही जणी कामावर गेला नाहीत. ठेकेदार वस्तीत येऊन गेला, तुमचा काय संबंध म्हणाला. दोघी-तिघी डगमगल्या, तर तू त्यांना सांगितलंस, "आपली नावं हायती यादीत, माझ्या पोरीनं वाचून दावल्यात." म्हणून त्या थांबल्या. रोज सकाळी गेटवरच्या लोकांसाठी घरून भाकरी नेत होतात. कधी काळी तुझ्या हातचं पाणी न घेणारेही मांडी घालून जेवत होते. मी तिथं घोषणा देत होते आणि तुझ्याकडे बघायचं टाळत होते. रोज ठरवायचे की आज सेक्रेटरींना गाठायचं. रोज वाटायचं की आता मध्येच नावं घालायला सांगितलं तर आपलं हसं होईल.

तडजोड झाली त्या सकाळी तू ठेवणीतली साडी नेसलीस. पुढल्या गेटवर अख्खी वस्ती जमली होती. सेक्रेटरी स्टुलावर उभे राहून यादी वाचतायत, ज्याचं नाव येतं तो आत जातो, रखवालदार त्याच्या हातात नवा बिल्ला ठेवतो. तुम्ही आठ जणी एका ओळीत उभ्या आहात. तू जरा पुढं. मी लिंबाखाली उभी आहे आणि मला एकेक नाव पाठ आहे, किती उरलीत ते कळतंय. शेवटचा हमाल आत गेला. सेक्रेटरींनी कागदाची घडी घातली.

"भाऊ, पान उलटा की," तू म्हणालीस.

"पान एवढंच हाय, ताई."

"आसं कसं? आमच्या पोरीनं वाचलंय. आमची नावं हायती त्यात."

सेक्रेटरींनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं. मी एक शब्द बोलले असते तर तिथंच काहीतरी झालं असतं, भांडण झालं असतं, आत गेलेले बाहेर आले असते, कदाचित काहीच झालं नसतं. पण मी बोलले नाही. मग तेच म्हणाले, "कॉपी करताना माझ्याकडनं ऱ्हायली. चूक माझी हाय."

तू त्यांना काय काय बोललीस ते मी इथं लिहीत नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. मग रखवालदारानं गेट ओढलं आणि पीठ मळणारी तुझ्याकडे वळली. "तू म्हनलीस म्हनून बसलो आमी." एवढंच म्हणाली. मागल्या गेटनं ठेकेदारानं नव्या बायका आधीच आत घेतल्या होत्या. तू त्या सातही जणींच्या घरी नंतर गेलीस. दोघींनी दार उघडलं नाही.

आपण अंथुर्ण्याला परत गेलो, म्हणजे तू गेलीस, मी हॉस्टेलवर राहिले. तू दुसऱ्यांच्या रानात भेंडी तोडायला जायला लागलीस. एका सुट्टीत मीही तुझ्याबरोबर सरीत उतरले होते. सकाळची वेळ होती, भेंडीच्या लवेनं हात खाजत होते. तू तोडता तोडता, वर न बघता म्हणालीस, "एक इचारू? त्या दिशी यादी वाचताना शेवटाला तुझं बोट हाललं न्हाय."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "तुला वाचता येतं का? मग गप बस."

 तू पाटी भरलीस, डोक्यावर घेतलीस आणि बांधाकडे चालू लागलीस. मी तुझ्या पाठीकडे बघत होते आणि हाक मारावीशी वाटत होती. मारली नाही. तू परत कधी विचारलं नाहीस. त्यानंतर तिसऱ्या वर्षी तू गेलीस, शेवटचे चार दिवस मी उशाशीच होते, तेव्हाही तू भेंडीचा भाव विचारलास, शेजारणीची चौकशी केलीस, पण ते विचारलं नाहीस. मी सांगू शकले असते. सेक्रेटरी तुला बघायला आले तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, आणि तेही मी होऊ दिलं. यादी त्यांनीही वाचली होतीच, अर्धी चूक त्यांची होती. पण माझी अर्धीही त्यांनी घेतली, आणि ती मी इतकी वर्षं वर्गावर्गांतून त्यांच्याच नावावर सांगत फिरले.

हे पत्र टाकायला पेटी नाही. सेक्रेटरींचा पत्ता मात्र आहे, नातीकडून मिळाला. त्यांना आधी लिहायला हवं होतं. कागद घेतला आणि तुझंच नाव लिहिलं गेलं, कारण तू उलट उत्तर देणार नाहीस. एवढी भित्री आहे मी अजून. त्यांना उद्या लिहीन असं म्हणतेय, पण माझ्या उद्याचा अनुभव तुला आहे. म्हणून निदान एवढं इथं लिहिते. शेवटच्या आठ नावांना माझं बोट हाललं नव्हतं, आई. तू बरोबर वाचलं होतंस.