खालच्या थरातला माणूस

बाबा, तुमची पणती कॉम्प्युटरवरचे गेम बनवते. ऑफिस घोडबंदरला, त्या ट्रॅफिकमध्ये रोज जीव जातो पोरीचा, पण आज रविवार, घरीच होती. मी घावन घालत होते, तर हिने लॅपटॉप ओट्यावरच आणून ठेवला. "आजी, बघ, टेंभी नाक्याची दहीहंडी!" काय सांगू, घावन करपला. तीच गर्दी, तसेच थर, वर मडकं लोंबतंय. उलथनं हातात धरून मी लहान पोरीसारखी नाचले हो!

मग म्हटलं, माझे बाबा कायम सगळ्यात खालच्या थरात, ते दाखव. तिने चित्र खाली आणलं. वरचे हलतायत, डुलतायत, आणि खालचे ढिम्म, दगडासारखे.

"अगं, हे का हलत नाहीत?"

"त्यांना जमिनीला खिळवून टाकलंय. सगळ्यांचं वजन खरंखुरं मोजायला गेलं की कॉम्प्युटर गडबडतो, अख्खे थर थरथरत बसतात. आणि आजी, खाली बघतं कोण?"

मीही आईच्या कडेवरून वरच बघायचे. घरी आई तुमच्या खांद्यांना तेल चोळतेय, आणि तुम्ही मला विचारताय, "हंडी कशी फुटली गं? सांग की." मी म्हणायचे, "तुम्ही होतात ना तिथेच!" आणि पळायचे खेळायला. दर वर्षी विचारायचात, दर वर्षी मी पळायचे.

पोरीने माझ्यासाठी ते खिळवणं काढलं, आणि खालच्या एका माणसाला काय दिसतं ते दाखवलं. पुढच्याची मान, ओल्या पाठी, चिखलातले पाय. बस्स. हंडी कुठेच नाही. म्हणून विचारत होतात होय, बाबा? मग त्याचे गुडघे कापायला लागले आणि सगळे थर त्याच्याच अंगावर आले. पोरगी खूश. "आता खरं वाटतंय ना?" म्हटलं, वाटतंय गं बाई.

तर ऐका. वरचं पोर आधी मडक्याला मिठी मारायचं, मग नारळ हाणायचं. दही त्याच्या डोक्यावरून ओघळत थराथराने खाली यायचं, पार तुमच्यापर्यंत. लोक ओरडायचे, मी सगळ्यात मोठ्याने. अशी फुटायची.

हे पत्र आता धाडू कुठे? पिठाच्या डब्याखाली राहू दे. आणि पोरीला हसू नका हं, तिने मेहनतीने खरं केलेलं मीच बिघडवायला लावलं. म्हटलं, तेवढा तो एक माणूस परत खिळवून टाक.